रेषेखालची ओळ

मी एक जुना फळा आहे, पण मित्रांनो, शाळेतला नव्हे. पाढे, कविता, 'उद्या सुट्टी आहे' असले गोड लिखाण माझ्या नशिबी कधी आले नाही. मी शिलाई मशीनच्या दुकानाबाहेर पायरीशेजारी उभा असतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. ज्या गोष्टीवर चिडलो तिला बरीच वर्षे झाली, तरी ती आठवली की माझ्या लाकडी पायांची आग मस्तकात जाते.

माझा जन्म एका मोडक्या कपाटाच्या दारातून झाला. सुताराने मला तासले, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि दुकानाच्या मालकीणबाईंकडे पोचवले. सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. जुनी मशीन विकत घ्यायची, खोलून दुरुस्त करायची आणि तेलपाणी करून विकायची, हा त्यांचा धंदा. मी आलो त्याच दिवशी त्यांनी पांढरा ऑइलपेंट घेतला आणि माझ्या बरोबर मध्यावर एक आडवी रेषा ओढली.

"अहो मावशी, चांगल्या फळ्याचे दोन तुकडे केलेत की!" सुतार हळहळला.

"वर गुण लिहायचा, खाली उणीव," मावशी म्हणाल्या. "जुनं मशीन आहे, उणीव असायचीच. खडूची रेघ एखाद्या दिवशी पुसायचा मोह होईल. म्हणून रंगाची."

रोज सकाळी एक मशीन माझ्या शेजारी मांडले जाई आणि त्याची हकिकत माझ्यावर लिहिली जाई. एकदा वर लिहिले होते, 'आवाज इतका कमी, की शेजारी झोपलेले मूल कूसही बदलणार नाही.' खाली लिहिले होते, 'जड आहे. न्यायला दोघे या.' तासाभरात एक नुकताच बाप झालेला गृहस्थ मेहुण्याला घेऊन हजर! मेहुण्याने तर पायरीवरच बाह्या सरसावल्या होत्या.

गिऱ्हाइकाला पटवणे मावशींना मुळीच वाईट वाटत नसे. उलट खडू हातात धरून त्या कितीतरी वेळ माझ्यापुढे उभ्या राहत. "हे कुणाच्या घरी सुखानं नांदेल?" असे मशीनकडे बघत पुटपुटत. ज्याच्या घरी नांदणार, त्याला आवडेल असेच शब्द त्या शोधून काढत. आणि जिथे नांदणार नाही, तिथे त्या ते पाठवतच नसत. "हे तुमच्या कामाचं नाही हो, महिनाभर थांबा," असे सांगत आणि लोक खरोखरच थांबत. फळ्यावर आहे म्हणजे खरे आहे, असे लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे. तेव्हा मला जो मान मिळाला, तो शाळेतल्या फळ्यालाही मिळत नसेल.

पुढे मावशींची अक्षरे मोठी होऊ लागली. ती रेषेवर चढू लागली तेव्हा मला कळले, की त्यांना दिसेनासे झाले आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. महिनाभर धुळीत जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. जाण्याआधी त्यांनी माझ्यावर शेवटचे लिहिले. त्या दिवशीचे मशीन हिरवे, चकचकीत, अगदी राजबिंडे होते. वर लिहिले, 'पातळ कापडावर असा टाका दुसरे मशीन घालणार नाही.' खाली लिहिले, 'जाड कापडावर टाका सोडते.'

दुकान सांभाळायला त्यांच्या भावाचा मुलगा आला. तिशीचा गडी, आधी एका मोठ्या दुकानात फोन विकायचा. माणूस मनाने वाईट नव्हता. आत्याच्या डोळ्यांत वेळच्या वेळी औषध घालायचा, मशीन स्वतः उचलायचा. पण जीभ! तिला हाड नव्हते, लगाम नव्हता आणि लाज तर मुळीच नव्हती.

आल्या आल्या त्याने ओले फडके घेतले आणि मला वर-खाली पुसून काढले. मग लिहिले, 'शेवटचे एकच मशीन! फक्त आज! उद्या पस्तावाल!' आत पडद्याआड चौदा मशीन रांगेत उभी होती. रेषा काही पुसली जाईना, म्हणून तिच्यावर त्याने रंगीत खडूने वेल काढली आणि खालच्या जागेत चांदण्या काढल्या. दुसऱ्या दिवशीही 'फक्त आज' तसेच. अकरा दिवस झाले तरी तो 'आज' काही मावळेना!

"गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ दिला, की ते घरी जातं," असे तो शेजारच्या घड्याळवाल्याला शिकवत होता. मी ऐकत होतो. फळ्याला तोंड असते, तर त्या दिवशी मी काय काय बोललो असतो, ते तुम्हा मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

त्या अकराव्या दिवशी एक बाई आल्या. घरी शिवणकाम करायच्या. त्यांचे मशीन कायमचे बंद पडले होते आणि दवाखान्याचे चाळीस ॲप्रन दहा दिवसांत द्यायचे होते. हे काम नीट झाले, तर वर्षभराचे काम मिळणार होते. त्यांनी मला दोनदा वाचले आणि त्या आत गेल्या.

"जाड कापड चालेल ना याच्यावर?"

"न चालायला काय झालं! अस्सल लोखंड आहे बाई, नातवंडांपर्यंत जाईल."

"घरून कापड आणून एकदा चालवून बघितलं असतं."

"बघा की. पण एकच उरलंय. दुपारी एक जण न्यायला येणारेत. तुम्ही येईपर्यंत राहील असं काही सांगता येत नाही."

बाई दारात आल्या. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. अशा नजरेने, की जणू मीच काय ते खरे सांगणार होतो. आणि मी काय सांगितले? 'उद्या पस्तावाल!' मित्रांनो, खोटे तो बोलला, पण ते लिहिलेले होते माझ्या छातीवर. बाईंनी तेच हिरवे मशीन घेतले.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. रोज यायचा तसाच.

"खाली काय लिहिलंयस रे?"

"तू सांगितलंस तेच गं आत्या," तो म्हणाला. मी दाराला टेकून उभा होतो. काय करणार!

त्यानंतर सहाव्या दिवशी, महिना संपायची वाट न बघता, मावशी काळा चष्मा लावून पहिल्यांदाच दुकानात आल्या. त्या खुर्चीत टेकतात न टेकतात, तोच त्या बाई आल्या. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली, एक ॲप्रन उचलला आणि शिवण दोन बोटांनी नुसती ओढली. ती टर्रकन उघडली.

"सव्वीस शिवलेत, सगळे असेच. पाच तर पोचतेही केलेत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "चार दिवस राहिलेत. शेवटचं मशीन म्हणालात, मग ही पडद्यामागे रांग कसली आहे? लोक म्हणाले होते, तिथला फळा खोटं बोलत नाही. म्हणून आले होते हो मी."

मावशी उठल्या आणि बाहेर आल्या. चष्मा कपाळावर सरकवून, नाक जवळजवळ मला लावून त्यांनी मला वाचले. मग बोटाने वेल पुसली. खाली त्यांची पांढरी रेषा तशीच होती.

"आत्या, असंच विकतात सगळे," भाचा पुटपुटला. "बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं."

"अरे, सोनंच होतं ना ते!" मावशी कडाडल्या. "पातळ कापडाला त्याच्या तोडीचं मशीन या दुकानात नाही. ते सांगून विकायचं सोडून तू त्याची माती केलीस. आणि या बाईच्या कामाचीही."

दुकान तीन दिवस बंद राहिले. आत तीन दणकट मशीन मांडली गेली. दोनवर मावशी आणि त्या बाई बसल्या. भाच्याने आधी एकवीस ॲप्रनांची शिवण उसवली, बोटे टोचून घेतली, मग तिसऱ्यावर तोही बसला. पोचते केलेले पाच नव्याने शिवले. चाळीस ॲप्रन वेळेवर गेले. पण आधीच्या पाचांतला एक दवाखान्यात कामाच्या मध्येच उसवला होता. वर्षभराचे काम दुसऱ्याला मिळाले. मावशी स्वतः जाऊन आमची चूक सांगून आल्या, तरी गेलेले काम परत आले नाही. म्हणून म्हणतो, माझा राग अजून गेलेला नाही.

चौथ्या दिवशी मावशींनी भाच्याच्या हातात खडू दिला. "आज मशीनचं नको, दुकानाचं लिही. वर गुण, खाली उणीव."

वरचे त्याने चटकन लिहिले, 'आपले कापड आणा, चालवून बघा, मगच घ्या.' खाली लिहायला त्याला खूप वेळ लागला. 'या दुकानाने उणीव पुसून एक मशीन विकले. त्यात एका बाईंचे काम गेले.' रस्त्यावरचे लोक वाचत. कुणी हसले, कुणी आल्या पावली परत गेले. त्याने ते पुसले नाही.

आठवड्याने त्या बाई आल्या. उभ्या राहून त्यांनी मला वाचले. भाचा दारातच होता.

"उणीव तेव्हा लिहिलेली असती, तर मी ते मशीन घेतलंच नसतं," त्या म्हणाल्या.

"माहीत होतं," तो मान खाली घालून म्हणाला. "म्हणूनच पुसली होती."

 बाईंनी पिशवीतून जाड कापडाचा एक तुकडा काढून त्याच्या हातात दिला. "यावर कुठलं चालतं, ते दाखवा." त्याने शिवून दाखवले आणि शिवण ओढून बघायला त्यांच्याच हातात दिली.

आता मावशी नाहीत. दुकान भाचाच चालवतो. माझ्या कडा झिजल्या, खडू नीट उमटत नाही, पण ती रेषा तो दर वर्षी ऑइलपेंटने स्वतः काढतो. मित्रांनो, मला रंग द्या, सावलीत ठेवा, असे मी मागणार नाही. उद्या तुम्हीही काहीतरी विकाल. वस्तू, काम, नाहीतर नुसता शब्द. खुशाल गोड लिहा, पटेल असे लिहा. फक्त फडके हातात घ्याल तेव्हा क्षणभर थांबा. ही ओळ वाचली तर समोरचा घेणार नाही, म्हणून पुसताय का? तसे असेल, तर फडके खाली ठेवा. ती ओळ तुमची नसते, त्याची असते.