हार वरून, थर आतून

मी एक जुना साबणाचा डबा आहे. रहिमतपूरजवळच्या एका खासगी दवाखान्यात, बाळंतिणींच्या खोलीबाहेरच्या बेसिनवर मी टांगलेला असे. मित्रांनो, माझ्या पोटात पातळ साबण. दांडी दाबली की हातावर पडे.

मी नवा होतो तेव्हा डॉक्टर यशराज येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवत. "स्वच्छतेत आपण तडजोड करत नाही," म्हणत. साबण संपत आला की दीपमाला सिस्टर जुन्यावरच नवा ओतत आणि पुरवठ्याला यावा म्हणून नळाचं पाणी घालत. मला आतून घासून वाळवावं, हे एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी कोणालाही सुचलं नाही. तळाशी बुळबुळीत थर धरला, त्यात जंतू मजेत वाढले. खंडेनवमीला मात्र मला हळदकुंकू लागे, झेंडूचा हार पडे. पूजा करायला यांना वेळ होता.

जतला दिलेली शिवांजली यंदा बाळंतपणाला माहेरी आली. सिझेरियन झालं आणि टाके चिघळले. डॉक्टर तिच्या आईवर, भामाबाईंवर, खेकसले.

"मावशी, तुमच्या हातांनी झालंय हे. हात धुवा!"

"आवं डाक्टर, धुतीया की सारकी. कातडं निघायचं ऱ्हायलंय निस्तं."

"अजून धुवा."

बिचारी अजून धुऊ लागली. ती जितकी दांडी दाबी, तितके जंतू मी तिच्या तळहातावर ओती. टाके बघण्याआधी डॉक्टरही माझ्याचपाशी येत.

ताप उतरेना. शिवांजलीला सांगलीला हलवलं. तिथल्या डॉक्टर क्रांतींचा फोन आला, "आईला कशाला बोलता? तुमचा साबण तपासा." तपासला. तिच्या जखमेतले जंतू माझ्या पोटात निघाले. डॉक्टरांनी निमूटपणे नवा डबा मागवला. भामाबाईंना कोणी चकार शब्द सांगितला नाही.

मला काढताना दीपमाला सिस्टरांनी हलवून बघितलं. "लय शिल्लक हाय की! वाया घालवायचा व्हय?" आणि माझ्यातला साबण त्यांनी नव्या डब्यात ओतला.

शिवांजली थोडक्यात वाचली. काल ती टाके दाखवायला आली, तेव्हा मी बेसिनखाली पडलेला होतो. भामाबाई आधी नव्या डब्याकडे गेल्या. त्याच्यावर खंडेनवमीचा हार होता.

"आता लय जपतीया, डाक्टर," म्हणत त्यांनी दांडी दाबली.

मित्रांनो, आम्हाला हार नको. रिकामं करा, आतून घासा, वाळवा, मगच भरा. आणि भामाबाई भेटल्या तर सांगा, दोष तुमच्या हातांचा नव्हता.