पिशवीतला गणपती

"पृथ्वीवरची सगळी हवा आजपासून आपल्या कामाला लागली!" दुकानाच्या मधोमध उभं राहून योगेंद्र मिस्त्रीने जाहीर केलं. "पार ढगांपर्यंत जेवढी हवा शे, तेवढी बठ्ठी!"

"मंग तेवढा पंखा सुरू कर," त्याची आई मंजुळाबाई म्हणाली. "माले घाम ई राह्यना."

पंखा सुरू करता येत नव्हता. पारोळ्याच्या त्या दुकानात बोर्डावर धड चालणारं सॉकेट एकच, आणि त्यात आता नव्या यंत्राचा पंप खोचायचा होता. पृथ्वीवरची सगळी हवा दिमतीला असलेला माणूस गमछ्याने वारा घेत राहिला.

यंत्र तसं साधंच. जाड, पारदर्शक प्लास्टिकची खाटेएवढी पिशवी, तिला एक नळी आणि नळीच्या टोकाला पंप. वाकवलेल्या प्लायवुडवर गोंद लावायचा, त्यावर सागाचा कागदासारखा पातळ पापुद्रा ठेवायचा, सगळं पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. मग बाहेरची हवा पिशवीला चहूबाजूंनी सारख्या जोराने दाबून धरते आणि पापुद्रा गोलाईवर सुरकुती न पडता बसतो. जळगावच्या प्रदर्शनात योगेंद्रने हे पाहिलं तेव्हा तो जेवायचं विसरला होता. तोवर त्याच्याकडे दाब देण्याची साधनं म्हणजे लोखंडी शिकंजे, वाळूची पोती आणि घरातलं जातं. एकदा तर फळी चिकटेपर्यंत त्याने मंजुळाबाईंनाच तिच्यावर बसवून पुढ्यात सोलायला शेंगा दिल्या होत्या. ती फळी अजून हललेली नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. यंत्र आल्यापासून त्या जरा घुश्शातच होत्या.

बायको दीपमाला घुश्शात नव्हती. तिने शांतपणे अट घातली होती. तिच्या बहिणीचे यजमान ललितशेठ यांचं धुळ्यात तयार फर्निचरचं मोठं दुकान. ते साडूला कधीचे बोलावत होते. काम सोपं: खोक्यातून कपाट काढायचं, चित्रात बघून स्क्रू पिळायचे आणि छातीवर दुकानाचं नाव छापलेला निळा टी-शर्ट घालायचा. रंध्याला हात लावायचा नाही. दुकानात रंधाच नव्हता.

"पहिलं काम उतरलं तर तुमचं दुकान तुम्हाला लखलाभ," दीपमाला म्हणाली होती. "नाही उतरलं तर धुळे."

"मान्य," योगेंद्र चारचौघांत म्हणाला होता. टी-शर्टाचा विचार त्याच्या मनात रात्री आला.

पहिलं काम होतं हेमांगीताईंचं. त्यांच्या साडीच्या दुकानासाठी गोल पोटाचं काउंटर हवं होतं. सागाचा पापुद्रा त्यांनी स्वतः जळगावला जाऊन पसंत केला होता. त्यावर दिव्याच्या ज्योतीसारखी नक्षी होती. तसा दुसरा तुकडा दुकानदाराकडे नव्हता. दुपारी त्या काम बघायला येणार होत्या.

योगेंद्रने सकाळीच पिशवीच्या खालच्या पदरावर प्लायवुड ठेवून गोंद लावला, पापुद्रा बसवला. हवा सगळीकडून नीट ओढली जावी म्हणून त्यावर पांढरं जाळीदार कापड अंथरायचं असतं, तेही अंथरलं आणि चिकट हात धुवायला तो मागच्या नळावर गेला.

आता खानदेशात पांढरं कापड नीट अंथरलेलं दिसलं, खाली लाकूड असलं आणि दिवस नव्या कामाचा असला, तर त्याचा अर्थ एकच होतो. मंजुळाबाईंना तो अर्थ समजवावा लागला नाही. मुलाला शेवटी अक्कल आली, चौरंग मांडला, अशा समाधानात त्यांनी कापडावर मूठभर तांदूळ ठेवले, तांदळावर सुपारी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, सुपारीचा गणपती झाला. मग त्या निरांजन आणायला घरात गेल्या.

योगेंद्र परत आला तो पलीकडच्या बाजूने, दोन्ही हातांत पिशवीचा वरचा पदर धरून. तोंडासमोर प्लास्टिक, डोक्यात गोंद वाळायची घाई. गोधडी पांघरावी तशी त्याने पिशवी ओढली, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि पंप सुरू केला.

पंप घुरघुरला. पिशवी आक्रसली, ओल्या धोतरासारखी लाकडाच्या अंगाला चिकटली आणि तिला मधोमध नाक आलं.

योगेंद्र वाकला. प्लास्टिकच्या आतून हळदकुंकू लावलेली सुपारी त्याच्याकडे बघत होती.

"माय! हाई काय करं तू?"

मंजुळाबाई निरांजन घेऊन दारात थबकल्या. "मी पूजा करी. पन तू रे? देवले कोंडी टाकं?"

"कोंडं नही, माय. आतली हवा काढी फक्त."

"हवा काढी? मंग देव दम कसा घेई?"

योगेंद्रने पंपाच्या बटणाकडे हात नेला. गोंद अजून ओला होता. आता उघडलं, सुपारी उचलली, तांदूळ झटकले आणि पुन्हा बंद केलं की काही बिघडणार नव्हतं.

"मी बंद करस. सुपारी काढी लेस."

"हात नको लावू!" मंजुळाबाई मध्ये आल्या. "बसेल देवले असा उचलस का कोनी? आधी उत्तरपूजा. अक्षता टाक, मंग हलाव."

"टाक ना मंग!"

"कोठे टाकू? देव प्लास्टिकमा शे."

"म्हणून तर पिशवी उघडस!"

"पिशवी उघडी की देव हालना! आधी अक्षता."

म्हणजे अक्षता टाकल्याशिवाय पिशवी उघडायची नाही आणि पिशवी उघडल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत. हवेने लाकूड धरलं होतं, आईने मुलाला धरलं होतं, आणि आईचा दाब जास्त होता.

दीपमालाने गुरुजींना फोन लावला. गुरुजी अमळनेरला कुणाकडे सत्यनारायणाला बसले होते आणि कथेत फोन उचलत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. ती पुन्हापुन्हा लावत राहिली. मंजुळाबाई निरांजन धरून उभ्या होत्या. शेजारचे पॉलिशवाले चांदभाई आवाज ऐकून आले, पिशवीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मिस्त्री, काम बाकी फर्स्टक्लास बसलंय. फक्त मध्ये कुणीतरी बसलंय."

"चांदभाई, तुम्ही तरी मायला सांगा."

"आपल्यात बोलू का मिस्त्री? देवाचं काम आणि मायलेकाचं काम, यात मी पडत नाही. मी वरून पॉलिश मारतो."

मंजुळाबाईंनी मध्यम मार्ग सुचवला. "थोडीशी हवा सोड. देवापुरती."

"तसं नही व्हस, माय. थोडी आत गेली की बठ्ठी जास."

योगेंद्र स्टुलावर बसला. त्याच्या डोळ्यांसमोर सुपारी हळूहळू सागात रुतत होती. तिच्याभोवती प्लास्टिकने तंबू ठोकला होता, आणि तंबूखालच्या पापुद्र्याला दाब लागत नाही, तो चिकटतच नाही, हे त्याला समजत होतं. प्रदर्शनात त्याने सगळं नीट ऐकलं होतं. त्या ज्ञानाचा आता एवढाच उपयोग होता, की काय काय बिघडतंय ते त्याला क्रमाने कळत होतं. त्याने कडेला ओघळलेल्या गोंदाला बोट लावून पाहिलं. मघाशी बोटाला येत होता. आता येत नव्हता.

तेवढ्यात कथा संपली आणि गुरुजींनी फोन घेतला. दीपमालाने सगळी हकिकत सांगून त्यांना स्पीकरवर घातलं.

"अहो मंजुळाबाई," गुरुजी म्हणाले, "मनात नमस्कार करा आणि उचला की सुपारी! त्यात काय एवढं? अक्षता नंतर वाहा."

मंजुळाबाईंनी ताबडतोब नमस्कार केला आणि मुलाकडे वळल्या. "उघड ना मंग. असा बसना का?"

योगेंद्रने पंप बंद केला. पिशवीने लांब सुस्कारा सोडला; दुकानात तो एकटीनेच सोडला. देव बाहेर आला, तुळशीपाशी गेला, सुखरूप होता. काउंटरच्या पोटावर मात्र ज्योतीसारख्या नक्षीच्या ऐन मध्यावर बेंबीसारखा खड्डा पडला होता आणि त्याच्याभोवती तांदळाच्या दाण्यांचे वळ उठले होते.

"घाबरू नका," चांदभाई म्हणाले. "ओलं फडकं ठेवायचं, वरून गरम इस्तरी. दबलेलं लाकूड वर येतं. कैक वेळा केलंय."

"पापुद्र्यावर केलंय?"

"लाकडावर केलंय."

दीपमालाने इस्तरी आणली. एकच सॉकेट असल्याने पंप काढून ती खोचली. फडक्यातून वाफ निघाली, चर्रर आवाज झाला. फडकं उचललं. खड्डा खरोखर वर आला होता, पण थांबला नव्हता. खालचा गोंद उष्णतेने सुटला आणि खड्ड्याच्या जागी पुरीसारखा टम्म फुगा उभा राहिला.

"आलं की वर," चांदभाई म्हणाले आणि त्यांना एकाएकी आपल्या दुकानातलं काम आठवलं.

योगेंद्रने फुग्यावर तळहात ठेवला. फुगा बसला. हात उचलला, फुगा उठला. मंजुळाबाई त्याच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी बसू का वर?"

पूर्वी त्याने हो म्हटलं असतं. पण हे पोट गोल होतं.

दुपारी हेमांगीताई आल्या. त्यांनी काउंटर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मध्ये थांबल्या, फुग्यावर बोट ठेवलं. फुगा "टप्" वाजला. त्यांनी पुन्हा एकदा वाजवून पाहिला.

"योगेंद्रभाऊ, राग मानू नका," त्या शेवटी म्हणाल्या. "मुहूर्त जवळ आलाय. मी आपलं धुळ्याला ललितशेठकडून तयार काउंटर घेते. तिथे नीट बसवून देणारा माणूस मिळेल ना?"

"मिळेल," दीपमाला म्हणाली. आवाजात ना आनंद, ना दुःख. "चांगला मिस्त्री येतोय तिथे आता."

योगेंद्र मान खाली घालून पंपाची नळी गुंडाळत होता. निळा रंग आपल्याला कधी शोभला नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

हेमांगीताई बाहेर गेल्या. स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. थोड्या वेळाने त्या संकोचत पुन्हा दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, स्कूटीचं मागचं चाक अगदीच बसलंय हो. हे तुमचं मशीन हवा भरतं का?"