काळ्या मातीतून लिंबावर

मी ऑर्किड बोलतेय. आधीच सांगते, मला मातीत चैन पडत नाही. माझी मुळं उघड्यावर लोंबतात, हवेतला ओलावा पितात, सारखं काहीतरी धरायला शोधतात. गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही!

प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत जन्मले, मग जालन्याच्या एका नर्सरीत शेडनेटखाली टांगलेली होते. ऑफिसला सुट्टी असली की कल्याणी नर्सऱ्या पालथ्या घालायची. दुसऱ्या कुणाकडे नसलेलं झाड हवं असायचं तिला. तिनं माझ्या मुळांना हळूच बोट लावलं आणि मला उचललंच.

पुढे तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला जाताना तिनं मला वाटूरला माहेरी ठेवलं. घाईत एवढंच म्हणाली, "अप्पा, हिला जीव लावा."

तिथंच घोटाळा झाला. अप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, रखमाजींचा, जन्म शेतात गेलेला. माझी कुंडी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "पोरीला फसवलं की! माती न्हाई, नुसते कोळसे भरलेत."

"उपाशीच हाय की बिचारी," त्यांची बायको झुंबरबाई हळहळली.

सकाळी अप्पांनी शेतातली कसदार काळी माती आणली, शेणखत मिसळून कुंडीत दाबून भरली, वर दोन तांबे पाणी. "आता बघ कशी जोमात येती!"

अहो, कसला जोम! माझा श्वास कोंडला. मुळं कुजायला लागली, पानं पिवळी पडली. मी आतल्या आत तडफडत होते आणि अप्पा आणखी पाणी घालत होते. कल्याणीचा फोन आला की म्हणायचे, "बिलकुल बराबर हाय." रागही येईना मला. इतक्या मायेनं कुणी मारतं का?

अकराव्या दिवशी माझं मधलं पान गळालं. झुंबरबाईनं ते उचलून अप्पांच्या हातावर ठेवलं. "आता तरी खरं सांगा पोरीला."

अप्पांनी स्वतः फोन लावला. "कल्याणी, माझ्या हातून चाललंय गं हे."

"आधी माती काढा अप्पा! तिला माती चालतच न्हाई, झाडाच्या सालीवर बांधा."

अप्पांनी फोन तसाच खाली ठेवला. मग त्यांनी मला मोकळं केलं. सगळी मुळं काळी पडलेली, एकच जिवंत. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं त्यांनी मला अंगणातल्या कडुलिंबाला, सावलीत बांधलं.

आता रोज सकाळी ते नुसतं पाणी शिंपडतात आणि बघत उभे राहतात. त्यांनाही चैन नाही, मलाही नाही. बाबांनो, झाड घरी आणाल तर त्याला काय लागतं ते आधी विचारून घ्या, एवढंच मागणं.

परवा माझ्या मुळाचं हिरवं टोक सालीला चिकटलं. अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "माती वाईट नव्हती बरं का."

नव्हतीच हो, अप्पा.