तिसरी हाक

कट्.

अडकित्त्याचा तेवढाच आवाज आला आणि मला कळलं, बाबा जागे आहेत.

त्याआधी खोलीत चिडीचूप होतं. राधाचे पप्पा पहिल्या पाळीला निघाले होते. चप्पल चढवता चढवता त्यांनी विचारलं होतं, "संध्याकाळी एस.टी.च्या रांगेत उभा राहतो. मग गणपतीची गर्दी होईल. बाबांचं गावाचं तिकीट जायचं-यायचं दोन्ही काढू ना?"

आणि मी स्टोव्हला पिन करता करता म्हटलं होतं, "एकच काढा. परतीचं नको."

त्यांनी दुसरी चप्पल चढवली. मीही मान वर केली नाही. खोलीच्या मधोमध दोरीवर माझी जुनी साडी पडद्यासारखी टाकलेली असते, तिच्या पलीकडे माझे सासरे झोपतात. आम्हाला वाटलं, राधासारखे तेही झोपलेत. तेवढ्यात सुपारी फुटली.

राधाचे पप्पा खाली बघत निघून गेले. मी चहा टाकला. एवढी काही वाईट नाही मी. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही चौघं, आणि मला चौथा महिना. बाबांच्या गिरणीचा संप सुरू झाल्याला हा दुसरा पावसाळा. बाबा दिवसभर ओट्यावर बसून असतात, हाताला काम नाही. कुडाळला त्यांच्या धाकट्या भावाचं चौपाखी घर आहे. बाळ आल्यावर झोळी टांगायची तर कुठे, हेच मी रोज बघत होते. जागा एकच दिसायची. बाबांच्या डोक्यावरची.

बाबांनी चहा घेतला. कप विसळून उपडा ठेवला. तो ते रोजच विसळतात, पण आज मला ते बघवेना. खुंटीवरची कापडी पिशवी घेऊन म्हणाले, "जरा फिरान येतंय गो."

रोज ते डोंगराकडे जातात आणि आठाच्या भोंग्याला परत येतात. आमची बैठी चाळ मुलुंड कॉलनीच्या अगदी शेवटाला. पुढे पाण्याचे मोठे पाइप, मग बंद पडलेली दगडाची खाण, आणि मग डोंगरच.

आठाचा भोंगा झाला. नऊ वाजले. साडेनऊला मी भाताखालची आच बंद केली.

शेजारची शकु नळाजवळ हंडे लावून उभी होती. म्हणाली, "परवा त्या मागल्या चाळीतला कुत्रा नेला ना वाघाने, तिकडेच जातात का गं ते?"

"शकु, असं बोलू नकोस."

"मी काय बोलले? खरं ते बोलले. आणि तू कुठे निघालीस? वेडी झालीस काय, या दिवसांत?"

"मग तू जातेस?"

"माझं पाणी यायचंय गं," शकु म्हणाली, आणि मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं असावं. "राधाला ठेव माझ्याकडे. जा. पण खाणीच्या पुढे जाऊ नकोस."

राधा दारातच होती. चपला उलट्या घालून तयार. "मला माहितीये आजोचा रस्ता," ती म्हणाली. "तुला नाही माहीत."

आणि ते खरं होतं. मी घाटकोपरच्या चाळीत वाढले. डोंगर म्हणजे गॅलरीतून दिसणारी हिरवी भिंत. राधा मात्र दर रविवारी आजोबांचं बोट धरून वर जाते. पाच वर्षांची पोर. तिला घेऊन जाणं चूक होतं आणि तिच्याशिवाय जाणं अशक्य होतं. मी तिच्या चपला सरळ केल्या आणि आम्ही निघालो.

खाणीपर्यंत तरी माणसांची चाहूल होती. पुढे कातळाचं सपाट पठार लागलं, तिथे शेवाळ धरलेलं. मग टाकळा राधाच्या डोक्याइतका, आणि तेरड्याची गुलाबी फुलं इतकी की पाय ठेवायला जागा नाही. पायवाट कुठेच दिसेना.

"आजोची गाठ!" राधा ओरडली.

उजव्या हाताला गवताची एक जुडी वाकवून तिची गाठ मारलेली होती. ताजी. राधाने मला समजावून सांगितलं, मोठ्या बाईसारखं: जाताना उजवीकडे गाठ मारायची, येताना ती डावीकडे दिसली पाहिजे. तशी दिसली की आपण बरोबर. नाही दिसली तर चकवा.

"चकवा म्हणजे काय ठाऊक आहे का तुला?"

"हो. तो माणसाला गोल गोल फिरवतो."

आम्ही गाठी मोजत चढलो. पाच. नऊ. एका मोठ्या दगडाशी राधा थांबली. "इथपर्यंतच मी आलेय. आजो म्हणतो, पुढे मोठ्या माणसांचा डोंगर." मी तिचा हात घट्ट धरला. चौदा. सोळा. माझ्या पोटात ओढ बसत होती, मी पदर कमरेला आवळून बांधला. सतरावी गाठ एका वाकड्या कुंभ्याच्या झाडाखाली होती, आणि तिच्यापुढे गाठ नव्हती.

पुढे उतारावर कारवी माजलेली, माणूस बुडेल एवढी. तिच्यातून धुकं वर येत होतं, स्टोव्हवरच्या पातेल्यातून यावं तसं.

"बाबाऽऽ!" मी हाक मारली. कान दिला. काही नाही. "बाबाऽऽऽ!"

काही नाही. एक पान हललं नाही.

इथे नाहीत, म्हटलं. वेळ घालवून चालणार नव्हतं. धारेवरून आम्ही डावीकडे सरकलो. चारच पावलं उतरलो असू, आणि मुंबई गेली. खालचे ट्रकचे हॉर्न, कारखान्यांची घरघर, जी घरात असताना मला कधी ऐकूही येत नाही, ती बंद झाली तेव्हा कानात दडे बसल्यासारखं वाटलं. धुकं एकदा फाटलं. समोर डोंगरामागे डोंगर, खाली तलावाचा एक शिशासारखा तुकडा, आणि एकसुद्धा छप्पर नाही. आमच्या मोरीच्या खिडकीमागे हे सगळं रोज असंच पडलेलं असतं, आणि मी तिथे फडकी वाळत घालते.

"बाबाऽऽ! बाबाऽऽऽ!"

मग पुन्हा शांतता. आणि त्या शांततेत माझ्या मनात एक विचार आला. सांगते. नाहीच सापडले तर तिकीट काढावंच लागणार नाही. एवढाच. आला आणि गेला. पण मी राधाकडे बघू शकले नाही.

त्याच वेळी वरच्या झाडीतून वानर खाकरलं. एकच, खरखरीत. मग दुसरं. कारवी हलू लागली, वारा नसताना, एका सरळ रेषेत. मी राधाला उचलून छातीशी धरलं. तिने तोंड उघडलं ते मी हाताने दाबलं. काहीतरी आमच्या खालून चालत गेलं. जड, पण आवाज न करता. ओल्या केसांचा, उग्र असा वास आला. मी हनुमानाचं नाव घ्यायला गेले आणि पुढचा शब्दच आठवेना. किती वेळ गेला कोण जाणे. वानरं गप्प झाली. राधाचं काळीज माझ्या हाताखाली चिमणीसारखं उडत होतं.

"परत जाऊया," मी म्हटलं.

पण परत कुठे? धुकं दाटलं होतं. डावीकडे गाठी शोधत मी चालत राहिले, पोरीला कडेवर घेऊन, खांदा भरून आला तरी. एकही गाठ दिसेना. उतरतोय असं वाटावं तर चढ लागावा. शेवटी एक वाकडं झाड समोर आलं, कुंभ्याचं. त्याच्याखाली एक लाल रिबीन पडली होती. मी राधाच्या दोन्ही वेण्यांना हात लावला. एक रिबीन नव्हती.

"चकवा लागला, आई," राधा म्हणाली. ती रडत नव्हती. रडायला मी आले होते.

मी खाली बसले. तोंडाला कोरड पडली होती. तरी हाक मारली, घोगरी. "बाबाऽऽ..." आणि थांबून, "बाबाऽऽऽ..." आणि गुडघ्यात डोकं घातलं.

राधा वाट बघत उभी राहिली. मग तिने माझा दंड हलवला. "तिसरी मार ना."

"काय?"

"तिसरी हाक. तू सारखी दोनदाच मारतेस." आणि तिने आजोबांचा आवाज काढून, मान डोलवत म्हणून दाखवलं, "पयल्या हाकेक ओ देव नये. दुसऱ्या हाकेकय देव नये. चकवो दोनदाच हाक मारता. तिसरी मारुक त्येका जमणा नाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग उभी राहिले आणि सगळा जीव गोळा करून ओरडले.

"बाबाऽऽऽऽ!"

"ओऽऽऽ!" उत्तर आलं. अगदी खालून, कारवीतून, वीस-पंचवीस पावलांवरून. "हंयसर आसंय गो! हंयसर!"

बाबा एका घळीत दगडाला टेकून बसले होते. उजवा घोटा सुजून लोट्याएवढा झाला होता. ओठ काळेनिळे. मी उतरले कशी ते आठवत नाही, बहुतेक बसूनच घसरले. राधा त्यांच्या गळ्यात पडली.

"आजो, तू आम्हाला ओ का नाही दिलीस?"

"दोनदा आयकलंय गो. म्हटलंय, आता तिसरी येतली." ते माझ्याकडे बघत नव्हते. "इली नाय. मगे म्हटलंय, चकवोच आसतलो. सुनबाय खंय येतली हंय."

म्हणजे पहिल्यांदा मी झाडाखाली उभी होते तेव्हापासून ते ऐकत होते. माझाच आवाज. आणि त्यांना वाटलं होतं, ही नसेलच.

मी पदराची पट्टी फाडली आणि घोटा बांधला. लग्नानंतर पाया पडण्याखेरीज त्यांच्या पायाला मी कधी हात लावला नव्हता. ते दोनदा म्हणाले, "नको गो, नको," आणि मग डोळे मिटून बसले.

पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. राधाने ती उघडली. आत कवंडाळं होती, लिंबाएवढी, लालभडक, वेलासकट. गणपतीच्या डोक्यावर कोकणात लाकडी चौकट टांगतात, माटवी म्हणतात तिला; तिला ही रानफळं बांधतात. त्याखाली शेरवडाची पांढरी पानं, एक रानटी सुपारीचा घोस.

"ह्यां बघ," बाबा राधाला म्हणाले, पण आवाज माझ्यासाठी होता. "हंयसरय गावता सगळा. गणपतीक गावाकच जावक व्हया असा काय नाय."

मी त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला. त्यांचं वजनच नव्हतं. गाठी डाव्या हाताला दिसू लागल्या: सतरा, सोळा, पंधरा. राधा पुढे, प्रत्येक गाठीला हात लावत. धुकं मागे राहिलं, खालून भोंगा ऐकू आला, आणि खाण, पाइप, चाळींचे पत्रे, त्यापलीकडे मिठागरं, सगळं जागच्या जागी दिसलं. मोठ्या दगडाशी आम्ही टेकलो. मला दम लागला होता, त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

बाबांनी खिशातून अडकित्ता काढला. सुपारी धरली.

"आजो," राधा त्यांच्या मांडीवर रेलून म्हणाली, "पप्पा आज तुझं तिकीट आणणारेत. गावाचं."

"होय गो."

"आई म्हणाली, एकच आणा. परतीचं नको."

अडकित्ता तसाच थांबला, सुपारी पात्यांत धरलेली, उघडा. बाबा खाली चाळीकडे बघत होते. त्यांचा खांदा अजून माझ्या खांद्याला टेकलेलाच होता.

राधाने माझ्याकडे मान वळवली.

"आई, परतीचं म्हणजे काय गं?"