सीटवरची गोणी

माझ्या धाकट्या भावाला सगळे इंजिनियर म्हणतात. शिक्षण दहावी नापास, पण हातात पाना आला की गडी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याचं तोंड बघितलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जमीन सामाईक, म्हणून बघावं लागतं.

माझ्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरली आहे. मधली तिन्ही बोटं जुन्या मळणीयंत्राच्या पट्ट्यात गेली. पट्ट्यावर लोखंडी जाळी असायची. त्या दिवशी नव्हती. इंजिनियर वीस वर्षं एकच सांगत आला, की जाळी हादऱ्यांनी गळून पडली आणि दादाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांना ते पटलं. माझ्या मुलीलाही पटलं, कारण तेव्हा ती रांगत होती आणि मोठी झाली ती काकाच्या मागेमागे.

यंदा ते मळणीयंत्र भंगारात गेलं आणि नवा हार्वेस्टर आला. कापणी-मळणी एकदम, बसायला काचेची केबिन, आत गार हवा. मुलगी तो चालवायला रीतसर शिकून आली. त्यात एक सोय अशी, की ड्रायव्हर सीटवरून उठला की पुढची पाती आपोआप थांबतात. मला ती इतकी आवडली की पहिल्या दिवशी मी पोरीला उगाच पाच वेळा उठायला लावलं.

इंजिनियरला मात्र ती खुपली. पात्यांत पिकाची ताटं अडकली की उतरा, काढा, पुन्हा चढा, सगळं पुन्हा चालू करा.

"मशीन आहे का रुसका जावई?" तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी घेऊन शेतात गेलो. हार्वेस्टर जागच्या जागी उभा होता, पण पाती फिरत होती. माझी मुलगी त्यांच्यासमोर वाकून अडकलेली ताटं हाताने ओढत होती आणि इंजिनियर बाजूला उभा राहून सांगत होता, "अजून थोडं आत."

मग सीटवर कोण? वर बघितलं, तर खताची गोणी बसवलेली.

ओरडलो असतो तर दचकून तिचा हात कुठे गेला असता कोण जाणे. मी गुपचूप शिडी चढलो. आत चाळीस बटणं. बंद करायचं कोणतं, मला ठाऊक नाही. गोणी मात्र ओळखीची होती. दीड हातांनी कवटाळली आणि खाली ढकलली. पाती थांबली.

"बाबा! किती वेळ जातो असं केलं की!"

"दादा, तू जन्माचा भित्रा!" इंजिनियर खवळला. "अरे, काही होत नाही. तेव्हा मी जाळी काढली, तरी महिनाभर चाललंच की मशीन..."

मुलगी सावकाश उभी राहिली.

"काका, जाळी तुम्ही काढली होती?"

"पट्टा सारखा उतरायचा गं. वेळ वाचावा म्हणून..."

तिने माझ्या हाताकडे बघितलं. बघितलं म्हणजे पहिल्यांदाच बघितलं. मग वर चढली, इंजिन बंद केलं आणि चावी माझ्या त्याच हातात ठेवली.

"आणि उरलेलं शेत कोण कापणार?" इंजिनियर खालून ओरडला.

"तुम्ही," ती म्हणाली. "कोठारात विळा आहे. तुमची दहाच्या दहा बोटं धड आहेत."