खुंटाची जागा

दोरीवर टांगलेले बोंबील नीराबाई हाताने चाचपीत, ओले मागे आणि सुके पुढे सरकवीत चालल्या होत्या. मागोमाग मैथिली, हातातला लिफाफा उन्हापासून पदराआड धरून. रेवदंड्याच्या वाळूत तिच्या चपला पावलागणिक रुतत होत्या.

"मावशी, सर दर शनिवारी इथे कशासाठी येत असत?"

"बसायला," नीराबाई वळूनही न पाहता म्हणाल्या. "त्या पालथ्या होडीच्या सावलीला बसायचा. चा पियाचा आन् प्रश्न इचारायचा. येवडे प्रश्न तर आमच्या पंचांनीबी कंदी इचारले न्हाय."

मैथिलीला हसू आले आणि लगेच ओसरलेही. विधी महाविद्यालयाचे माजी अधिष्ठाता माधवराव मोघे यांना जाऊन महिना झाला होता. अलिबागेत आज संध्याकाळी त्यांची स्मरणसभा होती आणि मुख्य भाषण तिचे होते. ती त्यांची शिष्या, आणि आता त्यांचाच विषय शिकवीत होती. सकाळी थळच्या वाडीत ती गोदावरीकाकूंना भेटायला गेली, तेव्हा त्यांनी हा लिफाफा तिच्या हाती ठेवला.

"वर तुझे नाव आहे, म्हणून मी उघडला नाही," काकू म्हणाल्या होत्या. "दोन वर्षे शनिवार चुकवला नाही त्यांनी. कुठे जाता म्हणून विचारले, तर म्हणायचे, शिकायला. या वयात काय शिकता म्हटले, तर म्हणायचे, राहून गेलेले."

आत सरांच्या ठाशीव अक्षरातले तीन कागद होते. पहिले वाक्य असे: 'अठ्ठावीस वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या खुंटाविषयी मी दिलेला निवाडा चुकीचा होता.' आणि त्याखाली: 'कारणे पुढे दिली आहेत. परंतु ती वाचण्यापूर्वी नीराबाईंना भेटावे.' गुरूची आज्ञा. मैथिलीने पुढचा कागद उलटला नव्हता.

तो निवाडा तिला मुखोद्गत होता. भर समुद्रात खुंट रोवून त्यांना डोल नावाचे मोठे जाळे बांधतात. अशा एका खुंटाच्या जागेवरून दोन घरांत तंटा झाला आणि उभयपक्षांनी माधवरावांना लवाद नेमले. हरेश्वर, म्हणजे नीराबाईंचे यजमान, यांच्या घराची तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती; पण मध्ये पाच वर्षे त्यांनी तेथे जाळे लावले नव्हते. वहिवाट अखंड हवी, खंडित झाली की हक्क सरला, असे माधवरावांनी ठरवले आणि जागा दुसऱ्या घराकडे, म्हणजे सदाच्या बापाकडे गेली. त्या निवाड्याची भाषा इतकी निर्मळ होती, की मैथिली दरवर्षी पहिल्याच तासाला तो वर्गात वाचून दाखवी. आजच्या भाषणाचा कळसही तोच होता.

"ती पाच वर्षे जाळे का लावले नव्हते, मावशी?"

नीराबाईंचे हात थांबले.

"मोठा दीर तिथंच बुडाला. ज्या खुंटाशी मानूस जातो, तिथं पाच वर्सं डोल लागत न्हाय. घरच्यांनी लावायची न्हाय, परक्यानंबी न्हाय. मासा त्या मानसाचा."

"मग हे सरांना सांगितले का नाही?"

"कोन सांगनार? मास्तरनं इचारलं, जालं लावलं व्हतं का? मालक म्हनला, न्हाय. संपलं. आमाला वाटलं, येवडा शिकलेला मानूस, येवडं त्याला ठाव असंल."

"आणि सदाच्या वडिलांना?"

"ठाव व्हतं. तोबी गप."

मैथिली होडीच्या कडेला टेकून बसली.

"सरांना कधी समजले?"

"दोन वर्सं झाली. सदाचा पोरगा बुडाला, त्याच खुंटाशी. मास्तर सदाला भेटाया आला. समुद्रात सगल्यांच्या डोली लागल्यात आन् मधेच येक जागा मोकली. त्यानं इचारलं, ही का मोकली? मी सांगितलं." नीराबाईंनी दोरीची गाठ आवळली. "मंग त्याचा चा थंड झाला, तरी न्हाय पिला."

मैथिली ताडकन उठली.

"मावशी, हे सरांच्या हस्ताक्षरातले आहे. आज सभेला न्यायाधीश येतील, वकील येतील. मी वाचून दाखवते. तुमच्या मुलाला, विनेशला त्याची जागा परत मागता येईल. किती दिवस तो दुसऱ्याच्या बोटीवर राबणार?"

"बस खाली," नीराबाई म्हणाल्या. "मास्तरचीच शिष्या तू. तोबी अशीच घाई करत व्हता."

"घाई कसली? अठ्ठावीस वर्षे झाली!"

"आन् सदाच्या पोराला दोनच झाली. अजून तीन हायत. त्या जागेवर आता कुनी हक्क सांगायचा न्हाय, मीबी न्हाय. तिकडं त्याची आई रडतेय आन् इकडं मी कागद नाचवू?"

"सदाच्या बापाने तुमच्याशी काय केले, ते विसरलात?"

"इसरले न्हाय. म्हनून तर तसं करायचं न्हाय."

नीराबाईंनी एक सुका बोंबील पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "मास्तर म्हनला, तीन वर्सं मी ऱ्हानार न्हाय. मी म्हटलं, मंग जो थांबंल अशाकडं ठेव. तुला थांबता येतं का, बाय?"

मैथिलीने लिफाफा पिशवीच्या तळाशी ठेवला.

संध्याकाळी सभागृह भरले होते. गोदावरीकाकू पहिल्या रांगेत होत्या. सरांची शिस्त, त्यांचा कोरडा विनोद, परीक्षेत नापास झालेल्याला घरी जेवायला बोलावण्याची त्यांची रीत, हे सारे मैथिलीने सांगितले. लोक हसले, हळहळले. मग तिने पान उलटले. 'सरांच्या प्रज्ञेचे शिखर म्हणजे रेवदंड्याचा निवाडा', असे तेथे तिच्याच अक्षरात लिहिले होते. तिने ते वाक्य पाहिले, तोंड उघडले आणि मिटले.

शेजारी बसलेल्या न्यायाधीशांनी मान खाली घातली. सरांचा जुना विद्यार्थी देवदत्त लगबगीने उठला आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे धरून हलकेच म्हणाला, "भरून येणारच. सावकाश होऊ दे."

मैथिलीने घोटभर पाणी घेतले. ते पान तिने खाली ठेवले आणि त्यापुढचे वाचू लागली.