कमळ्याचा डबा

दगडू परब माणूस वाईट नव्हता, पण कमलाकांतच्या डब्यावर जळायचा. थोडाथोडका नाही, अगदी पोटातून जळायचा.

दोघं एकाच गिरणीत, एकाच खात्यात घाम गाळलेले. गिरणी गेली, दोस्ती राहिली. दगडू चिंचपोकळीच्या जुन्या चाळीत मुलगा-सुनेबरोबर राहायचा. कमलाकांत शेजारच्याच गल्लीत, चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरात चौदाव्या मजल्यावर, एकटा. त्याची बायको बेबी दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा हितेंद्र आणि सून मधुरा नोकरदार, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टरमध्ये. रोज चार वाजता दोघे म्हातारे मंडळाच्या वाचनालयासमोरच्या बाकड्यावर भेटायचे, आणि बूड टेकायच्या आत दगडू विचारायचा, "काय जेवलास रे कमळ्या?"

विचारायचा कशाला मग, असं तुम्ही म्हणाल. अहो, खपली काढल्याशिवाय राहवतं का कोणाला!

"सोमवार ना आज? वालाची उसळ," कमलाकांत डोळे मिटून सांगायचा. "वर ओलं खोबरं, कोथिंबीर. लिंबू पिळलं आणि हाणली." बुधवारी बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. शुक्रवारी कैरी घातलेली कोलंबी. "मधुरा डबा पाठवते ना. पोरीच्या हाताला चव आहे रे."

आणि इकडे दगडूला शुगर. सून दर्शनाने डॉक्टरचा कागद फ्रिजवर चिकटवलेला. दुधी, पडवळ, भाकरी, पुन्हा दुधी. दगडू घरी येऊन तिच्यावरच घसरायचा. "त्या कमळ्याची सून बघ जरा. नोकरी करून सासऱ्याला बांगडा पाठवते. नाहीतर तू! दिवसभर घरात असतेस आणि पानात काय, तर दुधी!"

दर्शना मशीनवर ब्लाउज शिवत असायची. ती पोर मान वर न करता मशीन चालवत राहायची. एकदाच म्हणाली, "बाबा, कमलाकांतकाका एकटेच असतात. रविवारी जेवायला बोलवू या का?"

"काही नको!" दगडू ताडकन उठला. "राजासारखा जेवतो तो. आपला दुधी बघून दात काढायला बोलवू? पुन्हा विषय काढायचा नाही."

तिने पुन्हा विषय काढला नाही.

या पावसाळ्यानंतर कमलाकांत बाकड्यावर उशिरा यायला लागला. पाय दुखतात म्हणायचा. एकदा बोलता बोलता थुंकला तर थुंकीत रक्त. पायजमा वर करून दाखवला, तर पोटऱ्यांवर केसाकेसाच्या मुळाशी लाल ठिपके आणि एक मोठा काळानिळा डाग. दुसऱ्या कोणाच्या काळजात चर्र झालं असतं. दगडूच्या मनात आलं, बरं झालं, भोग आता!

"उष्णता रे," तो म्हणाला. "मासळी कमी खा."

आठ दिवसांनी कमलाकांत लिफ्टमध्ये कोसळला आणि त्याला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

दगडू भेटायला गेला तर खाटेभोवती ही गर्दी! पांढरे कोट घातलेली दहा-बारा पोरंपोरी, आणि मध्ये कमळ्या, तोंड उघडून. डॉक्टरीणबाई त्याच्या सुजलेल्या हिरड्या बॅटरीने दाखवत होत्या. "नीट बघून घ्या. विटामिन सी जवळजवळ शून्य. याला स्कर्व्ही म्हणतात. पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा. इतका पुढे गेलेला पेशंट रोज बघायला मिळत नाही."

आता सांगा, यात जळण्यासारखं काय आहे? पण दगडूचं मन ते! मला काय झालं आजवर? शुगर, बीपी, गुडघे. घरटी एकाला असतं ते सगळं. बघायला कुत्रं नाही आलं. आणि याला आजार झाला तोसुद्धा खलाशांचा! त्यात उशाच्या टेबलावर नुसता बाजार मांडलेला. गल्लीतून जो येईल तो फळं घेऊन आलेला. पेरू, मोसंबी, आवळे, कोणी घरचा मोरावळासुद्धा. इतकी वर्षं शुगर सांभाळली, मला कोणी पेरूची फोड दिली नाही. स्वतः दोन लिंबं आणली होती, ती त्याने खिशातच ठेवली.

"तुम्ही यांचे मित्र ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पोरं पुढच्या खाटेकडे गेली होती. "रोज भेटता म्हणे. हे खातात काय? खरं सांगा. हे स्वतः नीट सांगत नाहीत."

दगडूला तेवढंच हवं होतं. दोन वर्षांचं सगळं त्याने भडाभडा ओकलं. वालाची उसळ, वर कोथिंबीर, लिंबू. तिखलं, सोलकढी. कैरीची कोलंबी. वार चुकला नाही की चव चुकली नाही. "आमच्यासारखं नाही, बाई. याची सून डबा पाठवते, रोजच्या रोज!"

बाईंचं पेन थांबलं. "आजोबा, एवढं लिंबू, कोथिंबीर, कैरी पोटात गेली असती तर हा आजार झालाच नसता."

"कुठला डबा?" मागून आवाज आला. मधुरा होती, हातात औषधांची पिशवी. "काका, मी डबा कुठे पाठवते? मी पाठवते म्हटलं तर पप्पाच नको म्हणाले. दगडूच्या घरून येतं, म्हणाले. दर्शनाताईंच्या हातचं छान असतं, तो दोस्त ऐकतच नाही, म्हणाले. मी तर आज तुमचे पाय धरणार होते."

दगडूने खाटेकडे बघितलं. कमलाकांतने चादर नाकापर्यंत ओढली होती.

"मग खात काय होता तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चहा," चादरीतून आवाज आला. "पाव. कधी खारी. आधी करून बघितलं हो चार दिवस. एकट्यापुरती भाजी होत नाही, उरते. मग सोडून दिलं."

बाईंनी गोळ्या समजावल्या. नारंगी, चघळायच्या. आणि गोळ्या महिनाभर, पण जेवण कायमचं, असं मधुराला दोनदा बजावलं. जीव वाचला होता, हिरड्या आठवडाभरात सुधारतील, म्हणाल्या. मधुरा मान हलवत होती आणि डोळे पुसत होती. मग ती हितेंद्रला फोन करायला बाहेर गेली.

दगडू स्टुलावर बसला.

"मेल्या," तो म्हणाला, "मग तो बांगडा कुठला?"

"बेबीचा." कमलाकांतने चादर खाली केली. "सोमवारी उसळ, बुधवारी बांगडा, तिचे वार ठरलेले होते. तेच सांगायचो."

"पण मला कशाला? पोराला टोपी घातलीस ती समजलो. मला कशाला?"

"तू जळायचास ना." कमलाकांत हसायला गेला, पण हिरड्या दुखल्या. "तुझं तोंड असं वाकडं व्हायचं. ते बघितलं की वाटायचं, आपण खरंच जेवून आलोय. मग संध्याकाळचा पाव जायचा घशाखाली."

खोटं बोलायला जागाच नव्हती.

"जळायचो रे," तो म्हणाला. "लय जळायचो. दर्शना म्हणाली होती, काकांना जेवायला बोलवू. मीच नको म्हटलं. तुझ्या त्या बांगड्यापायी नको म्हटलं. एकदा नाही बोलावलं तुला. दोन वर्षांत एकदा नाही."

कमलाकांत त्याच्याकडे कुशीवर वळला.

"काय होतं त्या दिवशी जेवायला?" त्याने विचारलं.

"दुधी."

"दुधी चालला असता रे मला," कमलाकांत म्हणाला.